‘आय ॲम डिफिकल्ट टू कम’ कुठे चुकतं?

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या एका ताईंनी परवा वर्ग सुरू व्हायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या शाळेत पालकसभा होती आणि ऑफिसला वेळेवर पोचणं जमणार नव्हतं. साहेबांसाठी मेसेज लिहून तयार होता: ‘सर, आय ॲम डिफिकल्ट टू कम टुमॉरो मॉर्निंग.’ “पाठवू का मॅडम?” अंगठा पाठवायच्या बाणावर ठेवूनच त्यांनी विचारलं.

स्पेलिंग एकही चुकलं नव्हतं. त्यामागचं मराठी वाक्यही अगदी स्वच्छ होतं: ‘मला उद्या सकाळी येणं कठीण आहे.’ मला म्हणजे आय, कठीण म्हणजे डिफिकल्ट, येणं म्हणजे टू कम, आहे म्हणजे ॲम. शब्दाला शब्द लावला आणि वाक्य मोडलं. इंग्रजी कानाला त्यातून आधी ‘मी अवघड आहे’ एवढंच ऐकू येतं, आणि पुढचं ‘टू कम’ लोंबकळत राहतं. हवं होतं ते असं: ‘इट विल बी डिफिकल्ट फॉर मी टू कम टुमॉरो मॉर्निंग.’

ही चूक मी पुष्कळ जणांच्या लिहिण्यात पाहिली आहे. ती करणारी माणसं मन लावून शिकत असतात, शब्दसाठाही चांगला असतो. त्यांना ‘सवयीने येईल’ असं सांगून वाटेला लावणं मला पटत नाही, कारण ह्या चुकीमागे एक कारण आहे आणि ते आपल्याच भाषेतून समजून घेता येतं.

मराठी वाक्यात कठीण काय आहे? येणं. माणूस नव्हे. माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. ते येणं त्याला कठीण जातंय, एवढाच त्याचा संबंध. मराठीत अशा माणसाला आपण सतत चतुर्थीत टाकतो: मला थंडी वाजते, मला आठवतं, मला जमत नाही. एकदा ‘ला’ लागला की त्याला वाक्याच्या सुरुवातीला बसवा नाहीतर शेवटी, गोंधळ होत नाही. इंग्रजीकडे असा प्रत्यय नाही. तिथे सगळं जागेवर चालतं. क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता, आणि ‘इज’च्या पुढचं विशेषण थेट त्याला चिकटतं. म्हणून ‘मला’चं ‘आय’ करून पहिल्या जागी बसवलं की कठीणपणा येण्यावरून उठतो आणि माणसावर जाऊन बसतो.

मग हे ‘इट’ कुठून आलं? इंग्रजीला पहिली जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि ‘टू कम टुमॉरो मॉर्निंग’ एवढं लांबलचक काही पहिल्या जागी घ्यायलाही ती कुरकुरते. म्हणून तिथे ‘इट’ ठेवते. ह्या ‘इट’ला स्वतःचा अर्थ नाही. एसटीच्या खिडकीतून आत टाकून ठेवलेल्या रुमालासारखा तो जागा धरतो. खरा प्रवासी, म्हणजे ‘टू कम’, मागून येतो.

विशेषणामागून इंग्रजीत दोन तऱ्हेची शेपटं येतात. एक ‘टू’ आणि क्रियापदाचं मूळ रूप: ‘हॅपी टू हेल्प’. दुसरं ‘दॅट’ आणि अख्खं वाक्य: ‘हॅपी दॅट यू केम’. ह्याच कामाला मराठीत किती रूपं आहेत पाहा: करायला, करण्याची, करून, केल्याचा, करावं हे, करेल असं. कोण करतंय, करून झालंय की अजून करायचंय, हे आपल्याला प्रत्ययातूनच कळतं. इंग्रजीत ‘टू’ तोच राहतो आणि ही सगळी माहिती विशेषणाच्या पोटात जाते. त्यामुळे दोन वाक्यं दिसायला जुळी आणि अर्थाने उलटी असू शकतात.

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात पुढे आणलं. ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. शब्दांची रांग तंतोतंत सारखी, बदललंय फक्त विशेषण. पहिल्या वाक्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय. दुसऱ्यात जॉन काहीच करत नाही. दुसरे त्याला खूश करतात, आणि ते काम सोपं आहे. मराठीत हा घोळ होणारच नाही, कारण आपण ‘जॉनला खूश करणं सोपं आहे’ म्हणतो आणि ‘ला’ सगळं सांगून टाकतो.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही हे लगेच कळत नाही. कॅरल चॉम्स्की, म्हणजे नोम चॉम्स्की यांच्या पत्नी आणि स्वतः भाषेच्या अभ्यासक, यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली मुलांसमोर ठेवली आणि विचारलं: ही बाहुली ‘ईझी टू सी’ आहे की ‘हार्ड टू सी’? बाहुली तर समोर टेबलावर, ढळढळीत दिसतेय. तरी लहान मुलं म्हणत, ‘हार्ड टू सी’. तिचे डोळे बांधलेत, तिला कसं दिसणार? आता ती ‘ईझी टू सी’ कर बघू, असं म्हटल्यावर ती पट्टी सोडत. मोठी मुलं मात्र बरोबर उत्तर देत. मला हा प्रयोग फार आवडतो. आपली ताई आणि ती मुलं एकाच ठिकाणी अडली: पुढे बसलेलाच क्रिया करणारा असणार, असं दोघांनी धरलं.

तेव्हा विशेषणानंतर ‘टू’ दिसला की स्वतःला एकच विचारायचं: ‘टू’च्या पुढचं काम कोण करतंय? ईगर, विलिंग, रेडी, कीन, एबल यांच्या मागे ते काम वाक्याचा कर्ताच करतो. ‘शी इज विलिंग टू वेट’, ती थांबायला तयार आहे, थांबणार तीच. ईझी, हार्ड, डिफिकल्ट, इम्पॉसिबल, डेंजरस यांच्याबाबतीत कर्त्यावर ते काम होतं, करणारा दुसराच. ‘धिस बुक इज ईझी टू रीड’, पुस्तक वाचत नाही, आपण त्याला वाचतो. आता ‘आय ॲम डिफिकल्ट टू कम’ परत बघा. ‘कम’ हे क्रियापद कोणावर होत नाही, येणं हे ज्याचं त्याने करायचं असतं. मग ‘आय’ला तिथे जागाच उरत नाही. ‘आय ॲम डिफिकल्ट टू कन्व्हिन्स’ मात्र चालेल, मला पटवणं अवघड आहे, कारण पटवणारा दुसरा कुणी आहे.

ह्या दुसऱ्या गटात मराठी माणूस आणखी एका जागी हमखास अडखळतो. ‘ही खुर्ची बसायला आरामशीर आहे.’ मराठीत ‘वर’ म्हणावं लागत नाही, खुर्चीच्या वरच बसतात. इंग्रजीत ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टू सिट’ म्हटलं तर वाक्य अर्धवट राहतं. ‘सिट ऑन’ म्हणावंच लागतं. नदी ‘डेंजरस टू स्विम इन’ असते, पेन ‘नाइस टू राइट विथ’ असतो. वाक्य सरळ करून पाहिलं की हा शेवटचा शब्द सापडतो: ‘सिट ऑन द चेअर’, ‘राइट विथ द पेन’. नाम पुढे गेलं तरी त्याचा ‘ऑन’ किंवा ‘विथ’ आपल्या जागी थांबतो. आणि उलट चूकही होते: ‘धिस बुक इज ईझी टू रीड इट’. पुस्तक पुढे सांगून झालंय, शेवटी ‘इट’ नको.

अजून एक: ‘इम्पॉसिबल’ सोडला तर ह्या गटाला सहसा ‘दॅट’ चालत नाही. ‘इट इज डिफिकल्ट दॅट आय कम’ हे ‘मी येईन हे कठीण आहे’चं भाषांतर, आणि ते इंग्रजीत उभं राहत नाही.

पुढचा गट मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण तिथे प्रश्न काम कोणाचं हा नसून खात्री कोणाची हा आहे. समजा, सुमन बारावीला बसली आहे. ‘सुमन इज शुअर टू पास’ आणि ‘सुमन इज शुअर दॅट शी विल पास’. दुसऱ्या वाक्यात खात्री सुमनला आहे; निकाल काहीही लागो. पहिल्या वाक्यात खात्री बोलणाऱ्याची आहे: ‘सुमन पास होणारच.’ सुमन स्वतः त्या क्षणी देवापुढे हात जोडून बसली असेल, रात्रभर झोपली नसेल, तरी हे वाक्य खरं. ‘सर्टन’चंही तसंच. शिफारसपत्रात किंवा बातमीत हा फरक सुटला तर दुसऱ्याच्या तोंडी भलतीच खात्री घातली जाते. मराठी इथे ‘तिला खात्री आहे’ आणि ‘ती होणारच’ अशी दोन वेगळी वाक्यं हाताशी देते, म्हणून इंग्रजी लिहिण्याआधी ह्यातलं आपल्या मनात कोणतं आहे ते ठरवावं.

‘लाइकली’ ह्याच घरातला. ‘ही इज लाइकली टू कम’ आणि ‘इट इज लाइकली दॅट ही विल कम’ यांचा अर्थ एकच: तो येण्याची शक्यता आहे. पण त्याचा सख्खा भाऊ वाटणारा ‘प्रॉबेबल’ फक्त दुसरी रचना घेतो. ‘ही इज प्रॉबेबल टू कम’ म्हणत नाहीत. ‘ही इज पॉसिबल टू कम’ही नाही, आणि ही चूक आपल्याकडे फार. ‘पॉसिबल’साठी मराठीतले दोन शब्द वेगळे धरले की काम होतं. ‘तो येण्याची शक्यता आहे’ म्हणजे ‘इट इज पॉसिबल दॅट ही विल कम’. ‘त्याला येणं शक्य आहे’ म्हणजे ‘इट इज पॉसिबल फॉर हिम टू कम’. पहिल्यात तो येईल न येईल, आपण अंदाज करतोय. दुसऱ्यात त्याची अडचण दूर झाली आहे, सुट्टी मिळाली आहे, गाडी आहे. शक्यतेला ‘दॅट’, शक्यला ‘फॉर’ आणि ‘टू’. हे मी फळ्यावर लिहिते तेव्हा वर्गात एकदम वह्या उघडतात.

भावना सांगणारी विशेषणं त्या मानाने सरळ आहेत. ग्लॅड, हॅपी, सॉरी, सरप्राइज्ड, प्राउड. भावना ज्याची, पुढचं कामही त्याचंच असेल तर ‘टू’ पुरतो: ‘आय ॲम ग्लॅड टू मीट यू’, भेटणारी मी, आनंदही मला. काम दुसऱ्याचं असेल तर सहसा ‘दॅट’ लागतो: ‘आय ॲम ग्लॅड दॅट यू केम’, आलात तुम्ही, आनंद मला. आपण ‘तुम्हाला भेटून’ आणि ‘तुम्ही आल्याचा’ ह्यांत नेमका हाच भेद करतो. एकटा ‘अफ्रेड’ तेवढा जपून वापरावा. ‘आय ॲम अफ्रेड टू आस्क हिम’ म्हणजे त्याला विचारायचं धाडस होत नाही. पण दवाखान्यातली मुलगी फोनवर ‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन’ म्हणते तेव्हा तिला कसलीही भीती वाटत नसते. ‘माफ करा, डॉक्टर नाहीयेत’ एवढंच ती सभ्यपणे सांगते.

आता ‘गुड’, ‘नाइस’, ‘काइंड’, ‘फूलिश’. इथे ‘ऑफ’ आणि ‘फॉर’ ह्यांची गफलत होते, आणि त्यावर मराठीत इतका सुंदर उतारा आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘इट वॉज गुड ऑफ यू टू कम’ म्हणजे ‘आलात, बरं केलंत.’ ‘इट इज गुड दॅट यू केम’ म्हणजे ‘आलात, बरं झालं.’ केलंत म्हटलं की माणसाचं कौतुक, त्याच्या मनाचा चांगुलपणा. झालं म्हटलं की घडलेल्या गोष्टीबद्दल समाधान; कदाचित तुम्ही चुकून आला असाल, तरी बरंच झालं. ‘केलं’ला ‘ऑफ’, ‘झालं’ला ‘दॅट’. आणि ‘फॉर’? ‘इट इज गुड फॉर यू टू वॉक’, चालणं तुमच्या तब्येतीला चांगलं. इथे ना कौतुक, ना समाधान, फायदा आहे. ‘इट वॉज काइंड फॉर यू टू हेल्प मी’ लिहिलं जातं ते ‘तुम्ही’च्या आधी ‘फॉर’ लावायची सवय झाल्यामुळे. मदत करण्यात दयाळूपणा कोणाचा? तुमचा. ‘चा’ आला की ‘ऑफ’. ह्यात विशेषण माणसालाही लावता येतं, ‘यू वर काइंड टू हेल्प मी’, आणि हेही बरोबर आहे, कारण दयाळू खरोखर माणूसच आहे. ‘डिफिकल्ट’बाबत ते चाललं नाही, कारण अवघड माणूस नव्हता.

सरकारी पत्रं, कंपनीचे नियम वाचणाऱ्यांना एक वाक्य छापायची चूक वाटते: ‘इट इज एसेन्शियल दॅट द ॲप्लिकंट बी प्रेझेंट.’ ‘इज’ हवं ना? एकाने तर पेनने खोडून ‘इज’ केलेला कागद मी पाहिला आहे. पण ‘बी’च बरोबर. ‘अर्जदाराने हजर राहावं, हे आवश्यक आहे.’ राहावं! आपल्या विध्यर्थाचं काम इंग्रजीत क्रियापदाचं कोरं मूळ रूप करतं. एसेन्शियल, नेसेसरी, इम्पॉर्टंट, व्हायटल ह्यांच्यानंतर ‘दॅट’ येऊन पुढे ‘व्हावं’, ‘करावं’ असा अर्थ असेल तर हे रूप येतं. ब्रिटिश लिहिण्यात बरेचदा त्याऐवजी ‘शुड बी’ असतं. म्हणून ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट ही बी हिअर’ म्हणजे त्याने इथे असावं, हे महत्त्वाचं. ‘दॅट ही इज हिअर’ म्हटलं तर तो इथे आहे, आणि ही बाब महत्त्वाची आहे, असा अर्थ सहज निघतो. ‘असावं’ आणि ‘आहे’ ह्यांच्यात कधीही गल्लत न करणाऱ्या माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही.

दोन ‘ओ’ असलेल्या ‘टू’वर मी थोडक्यात बोलते, कारण शाळेत ‘रिमूव्ह टू’ करून करून तो बहुतेकांना येतो. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’: चहा इतका गरम की पिता येत नाही. नकार वाक्यात कुठे दिसत नाही, तो ह्या ‘टू’च्या आत आहे. त्याऐवजी ‘व्हेरी हॉट टू ड्रिंक’ लिहिलं की नकार निघून जातो आणि वाक्याचा तोलही.

‘रेडी’ मात्र दोन्ही घरचा पाहुणा. ‘द चिकन इज रेडी टू ईट’. शिजलेली कोंबडी ताटात वाढायला तयार आहे, की जिवंत कोंबडी दाणे टिपायला? इंग्रजी वाक्यातून कळत नाही, संदर्भातूनच कळतं. ह्याचं मराठी करून बघा: ‘कोंबडी खायला तयार आहे.’ आपल्यालाही कळत नाही. सगळे प्रत्यय हाताशी असूनही ‘खायला’ने इथे दगा दिला.

आणि एक धोक्याची पाटी. दिसेल तो ‘टू’ हा टू नसतो. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ ह्यातला ‘टू’ मराठीतल्या ‘ची’सारखा आहे, लवकर उठण्याची सवय, म्हणून पुढे ‘गेट’ न येता ‘गेटिंग’ येतं. ‘ॲकस्टम्ड’, ‘अपोज्ड’ यांच्या मागेही तेच. ‘केपेबल’ला तर ‘टू’ नकोच, त्याला ‘ऑफ’ लागतो: ‘केपेबल ऑफ डूइंग’. ‘एबल टू डू’ आणि ‘केपेबल ऑफ डूइंग’, दोन्हींचा अर्थ जवळपास एक, सोबती वेगळे. म्हणून नवं विशेषण वहीत लिहिताना ते एकटं लिहू नये. ‘लाइकली’ न लिहिता ‘लाइकली टू, लाइकली दॅट’ लिहावं.

ताईंनी त्या संध्याकाळी मेसेज बदलला. ‘इट विल बी डिफिकल्ट फॉर मी टू कम टुमॉरो मॉर्निंग. आय विल रीच बाय ट्वेल्व्ह.’ वर्ग चालू असतानाच साहेबांचं उत्तर आलं: ‘नो प्रॉब्लेम. ग्लॅड यू टोल्ड मी.’ त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि लगेच विचारलं, “मॅडम, सांगितलं मी, आनंद साहेबांना. मग दॅट पाहिजे ना? तो कुठे गेला?”

दॅट आहेच, बोलताना इंग्रजी माणूस तो गिळतो. ग्लॅड, सॉरी, शुअर, अफ्रेड ह्यांच्या मागचा तर बहुतेक वेळा. मी त्यांना म्हटलं, साहेबांचं उत्तर मराठीत म्हणून बघा.

“बरं झालं सांगितलंत,” ताई म्हणाल्या. मग बोटांवर शब्द मोजत पुन्हा एकदा म्हणाल्या, “बरं झालं, सांगितलंत. आपल्यातही ‘की’ नाहीच की!”